चोवीस मागांचा एक ठोका

अण्णा लाकडी मुठीचा पाना दातांत घट्ट धरायचे, त्याचं दुसरं टोक चालत्या मागाच्या लोखंडाला टेकवायचे आणि डोळे मिटायचे. अर्ध्या मिनिटाने पाना काढून म्हणायचे, "ह्याचं बेअरिंग दोन दिवसाचं हाय."

एकतीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढून त्यांचे कान गेले होते, आमचं बोलणं ते ओठांवरून ओळखायचे. दात मात्र शाबूत होते. "आवाज कानातनंच जातोय असं थोडंच हाय, साहेब? हाडातनं बी जातोय की." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आम्ही हसलो. तिसऱ्या दिवशी सात नंबरचा माग बंद पडला. बेअरिंगच गेलं होतं. मग कोणी हसलं नाही.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात ते जॉबर होते, म्हणजे मागांची दुरुस्ती त्यांच्याकडे. मी तिथे उत्पादनाची नोंद ठेवायचो. वरच्या मजल्यावर चोवीस माग, खाली चौदा बायका टॉवेलच्या कडा शिवत बसायच्या. माझं टेबलही खालीच, त्यांच्या शेजारी. घरी अण्णा तेलुगू बोलत. आमच्याशी मराठी, पण घाई झाली की मध्येच तेलुगू यायचं.

त्यांनी मला पहिल्यांदा घाबरवलं ते आवाजाने नव्हे, उजेडाने. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी वर नंबर टिपत होतो. एका मोटारीची पुली थांबलेली दिसली. तिच्यावर चिठ्ठी अडकली होती, ती काढायला मी हात पुढे केला. अण्णांनी माझं मनगट असं पकडलं की वळ उठले.

"थांबलेलं दिसतंय. थांबलेलं न्हाय!"

त्यांनी ट्यूबलाइट बंद करून बॅटरी मारली. पुली गरगर फिरत होती. ट्यूब सेकंदाला शंभर वेळा विझते आणि पेटते, आपल्याला ते कळत नाही. पुलीला सहा आऱ्या. दर उजेडाला एक आरी जवळजवळ पुढच्या आरीच्या जागी येऊन बसायची, म्हणून डोळ्याला पुली उभी. मी त्या दिवशी जेवलो नाही. माझी पाच बोटं मी बराच वेळ पाहत होतो.

तरी मी त्यांचं पुढचं बोलणं मानलं नाही, आणि ते मला आता लिहायचं आहे.

आमचे माग एका वेगाने चालत नसत. कुणी मिनिटाला एकशे सेहेचाळीस ठोके मारायचा, कुणी एकशे सत्तावन्न. अण्णांनीच तशा लहानमोठ्या पुल्या बसवल्या होत्या. माझ्या वहीत चोवीस मागांचे चोवीस हिशेब होत आणि मला ते गबाळं वाटायचं.

"अण्णा, सगळे दीडशेला लावा की."

"एकसारखं नको."

"का?"

"झोक्यावरच्या पोराला बरोबर टायमाला हात लावला तर काय हुतंय? लई जोर लागत न्हाय, तरी झोका आढ्याला जातोय. ह्या स्लॅबचा बी एक टायम हाय. समदे माग त्याच टायमाला धक्का देत बसले तर?"

मी मालकांना कागद लिहून दिला. चोवीस नव्या पुल्या, एकच माप, वेग दीडशे. मालक म्हणाले, "अण्णा, तुम्ही दात सांभाळा, पुल्या आम्ही बघतो." पुल्या अण्णांनीच बसवल्या.

नवव्या दिवशी, सकाळी साडेअकराच्या सुमारास, मी टेबलाशी बसलो होतो. वरचा आवाज एरवी लाटेसारखा असायचा. ठोके एकमेकांवर पडले की फुगायचा, एकमेकांच्या मध्ये पडले की ओसरायचा. वर्षानुवर्षं तो ऐकत मी हिशेब केले होते. त्या दिवशी तो ओसरेना. एकच ठोका. पुन्हा तोच ठोका. माझ्या ग्लासातला चहा आधी थरथरला, मग डावीकडे उजवीकडे हिंदकळू लागला. मी मोजलं. मिनिटाला दीडशे.

"साहेब, वरनं पीठ पडतंय की," कडेची शिलाईवाली मावशी म्हणाली. तिच्या पांढऱ्या टॉवेलवर प्लास्टरची भुकटी होती.

मी जिन्यावरून धावलो. अण्णा मधल्या खांबाशी अनवाणी उभे होते. पाना बाजूला पडला होता, त्यांना आता तो लागत नव्हता. त्यांचा चेहरा राखेच्या रंगाचा होता.

"आवाज एक झाला," ते म्हणाले.

मी मेन स्विचकडे झेपावलो. ते मध्ये आले. "आपु! थांबा, हात लावू नका. मेन पाडला तर समदे संगट हळू हुतील. स्लॅबचा टायम दीडशेच्या जरा खाली हाय, हळू हुताना समदे बरोबर त्यातनंच जातील. एकेक थांबवतो, एकाआड एक. तुमी बायकांना भाईर काढा."

माझा हात स्विचपासून वीतभर होता. सगळं एका झटक्यात बंद करावं असं अंगातला प्रत्येक कण सांगत होता. पण मी हात मागे घेतला आणि खाली धावलो.

बायका उठेनात. "अर्धा डझन झाला की येते," मावशी म्हणाली. "साहेब, किती पांढरे पडलाय हो! भूत बघितलं काय?"

"मावशी, स्लॅब पडतोय."

माझा आवाज ऐकून ती हसायची थांबली. चौदाही बायका अंगणात आल्या. वरचे कामगारही उतरले. मी सगळ्यांना दोनदा मोजलं. अण्णा तेवढे वर होते.

बाहेरून मी माग मोजत राहिलो. ठोका हळूहळू विरळ होत गेला. मग त्यात फटी पडल्या, मग वेगवेगळे आवाज ऐकू आले. शेवटी एकच माग उरला. मग तोही थांबला.

अण्णा आले नाहीत.

मी शंभरपर्यंत मोजलं. मावशीने माझी बाही धरली होती, ती मी सोडवली आणि वर गेलो. पायाखालच्या प्रत्येक पायरीची मला भीती वाटत होती. मधल्या खांबापासून भिंतीपर्यंत स्लॅबला चीर गेली होती, बोट जाईल एवढी. चिरेपासून दोन हातांवर अण्णा उकिडवे बसले होते, दोन्ही तळवे फरशीवर दाबून.

त्यांनी वर पाहिलं. "अजून हालतंय की, साहेब. समदे बंद केले तरी हालतंय."

मी गुडघे टेकून फरशीवर हात ठेवला. आधी मलाही काही कळेना, माझंच काळीज धडधडत होतं. मग कळलं. फरशी गप्प होती.

"थांबलंय, अण्णा."

त्यांना ऐकू आलं नाही. मी ओरडलो. तरीही ते फरशीकडेच पाहत राहिले. शेवटी मी त्यांचे दोन्ही तळवे उचलून माझ्या हातात घेतले. ते हवेतही तसेच हलत होते.

अण्णांनी आपल्या हातांकडे पाहिलं. म्हणाले, "मग हे माझंच व्हय?"

मी मान डोलावली. खाली नेईपर्यंत मी ते हात सोडले नाहीत. त्यानंतर ते कारखान्यात आले नाहीत.