गंगाधरमामांचं वर गेलेलं बोट

वर्षभर ही पोस्ट टाळली. घाबरत होतो, दुसरं कारण नाही.

आज गंगाधरमामांचं वर्षश्राद्ध. झरी गावात त्यांच्याच बंद पिठाच्या गिरणीत बसून लिहितोय. शटर अर्धं खाली. आत तर आलो, पण आता बाहेर पडायला पाय उचलेना.

मी कुठं टिकत नाही, तुम्हाला माहीत आहे. बारावी अर्धी सोडली, पुण्याला गेलो, परत आलो. चारठाण्याला देवळं बघायला म्हणून गेलो तर तिथंच महिनाभर... असो, ते राहू द्या.

मधे परभणीच्या एका दवाखान्यात काम लागलं. कानाच्या पडद्याच्या ऑपरेशनवर डॉक्टर मॅडमचा रिसर्च चालू होता. ऑपरेशन झालेल्या पेशंटला गावातून तपासणीला आणायचं, एवढंच माझं काम.

मामा त्यातलेच एक पेशंट. जन्म गिरणीत गेलेला, दोन्ही कान वाहायचे.

तपासणीची खोली म्हणजे बंद डबा. एक काच, बस्स. आत पेशंट हेडफोन लावून बसणार, बाहेर सिस्टर मशीनवर. बारीक आवाज आला की बोट वर करायचं.

मामांचं बोट भराभर वर जायलं. सिस्टर खूश. मॅडम खूश.

मग सिस्टरनं केसातली पिन नीट केली.

बोट वर.

सिस्टर हसली, "मामा, घाई नका करू!"

मला हसू आलं नाही. मामा आवाज ऐकतच नव्हते. काचेतून सिस्टरचा हात बघत होते.

बाहेर चहाच्या गाड्यावर मी त्यांच्या कानात ओरडलो, "खरंच ऐकू आलं का?"

"न्हाई."

"मग बोट कशाला वर केलं?"

"लेका, त्या डॉक्टर पोरीनं येवढा जीव लावला. तिच्या कागदावर माझ्यामुळं नापास लिव्हायचं व्हय?"

"अहो, खरं सांगितलं तर कानाला मशीन तरी मिळंल!"

"बोललास तर माझ्या गळ्याची आण हाय तुला."

झालं. मी अडकलो.

मामा माझ्याहून जास्त अडकले.

आधी सगळं गाव त्यांच्याशी ओरडून बोलायचं, मामीसुद्धा. आता कान बरा झाला म्हणून सगळे हळू बोलायला लागले.

मामा नुसते हसून मान हलवायचे. जाडं दळा म्हणलं तरी हो, बारीक म्हणलं तरी हो.

लोक म्हणायचे, "ऑपरेशन झाल्यापासून मामाला लय भाव आलाय."

हळूहळू त्यांच्याशी कुणी बोलेनाच.

मी काम सोडलं. पळालोच म्हणा ना.

शेवटचं भेटलो तेव्हा विचारलं, "मामा, सांगू का मॅडमला?"

त्यांनी हसून मान हलवली.

ते हो होतं, की नेहमीचं होतं, मला अजून माहीत नाही.

आठवड्यात मामा गेले. झोपेतच.

कागदावर ते आजही बरे झालेले आहेत. त्या कागदावरून उद्या दुसऱ्या कुणाच्या तरी कानाचे उपचार ठरणार.

म्हणून आज सकाळी मॅडमला मेसेज केला. 'मामांना ऐकू येत नव्हतं. मला माहीत होतं.'

दोन निळ्या टिक्स, म्हणजे वाचलाय. 

मामा, तुमची आण मोडली. रागवा हवं तर. पण आता कुणाच्या मनासाठी बोट वर करू नका. आरामात राहा.

थांबा, कुणीतरी शटर वर करायलंय.

मॅडम आल्यात. परभणीहून, एकट्याच. हातात मामांची फाईल.

शटर उघडणाऱ्या मामीला विचारतायत, "मामा बसायचे कुठं?"

मामीनं मी बसलोय तीच जागा दाखवली.