जबडा उघडून बघणारे आप्पा

कळंबच्या आप्पा ठोंबऱ्यांना आयुष्यात कुणी फसवलं नाही, कारण त्यांनी आयुष्यात कुणावर विश्वासच ठेवला नाही. हे वाक्य त्यांच्या बायकोचं, सारजाबाईचं. ती ते त्यांच्या तोंडावर म्हणायची, आणि खरंच मनापासून म्हणते की टोमणा मारते, अशी आप्पांना त्यातही शंका यायची.

घर मूळचं मेंढरं राखणारं. कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, मेंढरं गेली. पण आप्पांचा हात मेंढक्याचाच राहिला. गावात कुणाला शेळी घ्यायची असो की गाय, आप्पांना बाजाराला बरोबर नेत. व्यापारी म्हणायचा, "दोन वर्साची हाय मालक, घरची हाय." आप्पा सरळ जनावराकडं वळायचे. एका हातानं जनावराचं मुस्काट धरायचे, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं ओठ वर करायचे आणि जबड्यात डोकावायचे. "तोंडानं मालक बोलतो, दातानं जनावर बोलतं," एवढं म्हणून पुढच्या दावणीला.

ही खोड माणसांपर्यंत पोचली होती. एकुलती एक लेक योगिनी, तिला एक स्थळ आलं. मुलगा लाजून ओठ मिटून बसलेला. आप्पांनी अर्धा तास वाट बघितली आणि मग मुलाच्या चुलत्याला विचारलं, "पोरगं हसत न्हाय का कदी?" स्थळ तिथंच मोडलं. योगिनीनं त्या दिवशी बापाला दोनदा चहा करून दिला.

पुढं योगिनी जनावरांची डॉक्टर झाली आणि दोन वर्षांमागं एका परदेशी संस्थेच्या कामावर वानुआटू नावाच्या देशात गेली. ऑस्ट्रेलियाच्याही पलीकडं, समुद्रात फुटाणे सांडावेत तशी बेटं; त्यातल्या अँब्रिम नावाच्या बेटावर ती राहायची. आप्पा गावात 'जनावरांची डॉक्टर' एवढंच सांगत. कसली जनावरं, असं कुणी विचारलं की ऊसतोडीचा विषय काढत. कारण त्या बेटावरचं मुख्य जनावर डुक्कर होतं.

दोन वर्षं भरत आली आणि तिचा फोन आला. "आप्पा, आनखी तीन वर्सं ऱ्हा म्हणत्यात. मला ऱ्हायचं हाय."

"कोण म्हणतंय?"

"संस्था म्हणती. आन् गाववालं बी."

"गाववाल्यांचा काय संबंध? योगे, कायतरी मुरतंय तितं. तुला कुणीतरी बोलाया लावतंय."

पलीकडं समुद्राचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "मंग तुमीच या. समदं बेट बघा. माझं घर बघा, माणसं बघा. तुमी 'चल' म्हणला, तर सामान बांधून तुमच्यासंगं येते. पुना नाव काढणार न्हाय."

"जबान?"

"जबान."

सारजाबाईचे गुडघे विमानात बसण्यासारखे नव्हते, आणि दोन म्हशी कुणाच्या भरवशावर टाकायच्या हाही प्रश्न होता. तिनं शेंगदाण्याचे लाडू बांधले, घोंगडी घडी करून दिली, देवाच्या भंडाऱ्याची पुरचुंडी पिशवीत घातली. म्हणाली, "जावा, बघून या. पर पोरीचा जबडा उघडू नका."

तीन विमानं बदलून आप्पा वानुआटूच्या राजधानीत, पोर्ट व्हिलाला उतरले. वाटेत कुणाचं पाणी प्यायले नाहीत. योगिनी बाहेर उभी होती, पण बापलेकीच्या मधे एक टेबल होतं आणि टेबलामागं गणवेशातली एक धिप्पाड बाई. बाहेरचं बी, किडा, रोग बेटावर येऊ नये म्हणून ती प्रत्येकाची पिशवी तपासत होती. तिनं घोंगडी उलगडली. हातमोजे घालून लोकर विसकटली, उजेडात धरली, वास घेतला. लाडू बाजूला ठेवले. भंडाऱ्याची पिवळी पूड बघून तिनं आप्पांकडं जे बघितलं, तसं आप्पा बाजारात व्यापाऱ्याकडं बघायचे.

"देवाचा हाय," आप्पा मराठीत म्हणाले. बाईनं पुरचुंडी जप्त केली. लाडूही गेले. घोंगडी तेवढी औषध मारून परत मिळाली.

बाहेर आल्यावर आप्पांनी घोंगडी हुंगून बघितली. मग म्हणाले, "बाई कामाची हाय. पर माझ्यावर संशय घ्यायचं कारण काय?"

योगिनी हसली नाही. ओठ मात्र घट्ट दाबून धरले होते.

अँब्रिमला जाणारं विमान आपल्या वडापच्या जीपएवढं. त्यात बसण्याआधी सामानासकट माणसांचंही वजन करतात. आयुष्यभर उसाच्या गाड्या काट्यावर घातलेल्या आप्पांनी आधी रिकामा काटा शून्यावर आहे का ते वाकून बघितलं, मग चढले, उतरले, पुन्हा चढले. मागं रांग लागली. "आप्पा, हे भाव ठरवाया न्हाय, इमान उडवाया वजन करत्यात," योगिनी म्हणाली. "उडवायचं आसंल तर मंग बरोबरच पायजे," म्हणत आप्पा तिसऱ्यांदा चढले.

गवताच्या धावपट्टीवर उतरल्यावर पुढं रस्ता नव्हता. उघड्या होडीतून दोन तास किनाऱ्या-किनाऱ्यानं जायचं. वाळू काळी, डोंगर काळा, माथ्यावर धूर. होडी चालवणारा म्हातारा म्हणजे योगिनी राहायची त्या गावचा मुखिया, विली. पांढरी दाढी, पायात काही नाही, आणि तोंडात आप्पांनी मोजले तेवढे सगळे दात शाबूत. लाटा अंगावर येत होत्या, आणि विली समुद्राकडं कमी नि आप्पांकडं जास्त बघत होता.

"ह्यो माझ्याकडं काय बघतोय?"

"पाव्हणं म्हणून बघतोय."

"पाव्हण्याकडं आसं बघत न्हाईत. पळून जाईल म्हणून गुऱ्हाळातल्या गड्याकडं बघत्यात, तसं बघतोय."

गावात बांबूच्या तट्ट्यांचं घर, स्वच्छ झाडलेलं अंगण. मधल्या मोकळ्या जागेत माणसापेक्षा उंच लाकडी ओंडके उभे, मधोमध चीर पाडून ढोल केलेले, आणि त्यांच्यावर बशीएवढे वाटोळे डोळे कोरलेले. आप्पा कुठंही बसले तरी ते डोळे त्यांच्याकडंच. योगिनीच्या घराला कुलूप नाही, हे बघून आप्पांची शंका दुप्पट झाली. "कुलूप का न्हाय? म्हंजी कुनीबी येतं."

"कुनीबी येतं, आप्पा. रताळी ठेवून जातं."

"आन् जाताना काय नेतं?"

दुसऱ्या दिवशी विली त्यांना ज्वालामुखी दाखवायला घेऊन निघाला. पहाटेची चाल, वाळलेल्या लाव्हाच्या ओढ्यातून. दोन्ही अंगांना उसासारखं दाट रान, पुरुषभर उंच. आप्पांनी एक कांडं मोडून दातानं सोललं आणि थुंकले. ना रस ना गोडी. "दिसतंय ऊस, निघतंय वैरण," ते म्हणाले आणि विलीच्या पाठीकडं बघितलं. विली मधेच थांबायचा, कोयत्यानं एक पान तोडायचा आणि चुकीच्या फाट्यावर आडवं ठेवायचा.

"पानं कशाला टाकतोय?"

"वाट चुकू न्हाय म्हणून."

"ह्याचं आक्कं आयुष्य हितं गेलं, आन् ह्याला वाट चुकायची भीती?"

"तुमच्यासाठी टाकतोय आप्पा. तुमी सारखं मागं पडताय, वास घेत घेत."

रान संपलं आणि काळ्या राखेचं माळरान लागलं. मैलभर हिरवं पान नाही. वर चढून गेल्यावर एकदम पुढचा डोंगरच नव्हता. खाली भलं मोठं खळगं, गुऱ्हाळाच्या चुलवणासारखं धगधगतं, तळ दिसत नाही, नुसता गंधकाचा धूर आणि पोटातून गुरगुर. आप्पा एक पाऊल पुढं झाले. विलीनं मागून त्यांचा सदरा मुठीत धरला. आप्पांनी झटक्यानं वळून विलीचं मनगट धरलं. दोघंही म्हातारे काठावर एकमेकांना धरून उभे राहिले, कुणीही सोडेना.

"आप्पा, सोडा त्यास्नी," योगिनी म्हणाली.

"त्यानं आदी सोडावं. ह्यो ढकलणार आसंल तर एकटा जाणार न्हाय मी."

योगिनीनं दोघांच्या मधे शिरून दोघांनाही मागं ओढलं.

तिसऱ्या दिवशी गाव मोकळ्या जागेत जमलं. विलीची बायको, पाठीत वाकलेली, पांढऱ्या केसांची म्हातारी, दोरीला धरून एक डुक्कर घेऊन आली. काळं, चकचकीत. खालचे दोन सुळे ओठाबाहेर येऊन वर वळलेले, बांगडी अर्धीअधिक झालेली. विली उभा राहून बोलला आणि योगिनीनं मराठीत सांगितलं. गावातलं हे सगळ्यात मोलाचं जनावर. सुळ्याचं पुरं कडं झालं की ते डॉक्टरीणबाईचं. हा गावचा मान आहे, तो वाटेल त्याला मिळत नाही.

आप्पांनी डुकराकडं बघितलं. आयुष्यात डुकराला कधी शिवले नव्हते. कळंबला कुणाला कळलं तर काय म्हणतील, हेही मनात येऊन गेलं. पण शंका विटाळापेक्षा जुनी होती. ते उठले, चालत गेले, एका हातानं मुस्काट धरलं, दुसऱ्या अंगठ्यानं ओठ वर केला.

वरचे सुळे नव्हतेच. दोन्ही बाजूला नुसत्या हिरड्या.

"योगे," आप्पा शांतपणे म्हणाले, "जनावर पडक्या दाताचं हाय. म्हातारं हाय न्हायतर रोगी. तुला मान म्हणून खपवत्यात. चल, सामान बांध."

मराठी कुणाला कळली नाही, पण सूर कळला. बायका बोलायच्या थांबल्या. योगिनीचा चेहरा उतरला. जबान दिलेली होती.

विली जवळ आला. रागावला नव्हता. त्यानं आप्पांचं बोट धरलं आणि जनावराच्या वरच्या हिरडीवर ठेवलं. हिरडी टणक, घोटीव, जुनी. मग सावकाश बोलत राहिला, आणि योगिनी सांगत राहिली. पिल्लू असताना विलीनंच वरचे सुळे काढले, म्हणजे खालच्यांना अडसर राहत नाही आणि ते गोल वळतात. पुरं कडं व्हायला सात वर्षं लागतात. हे चार वर्षांचं आहे. सुळा मोडू नये म्हणून असल्या जनावराला जमीन उकरू देत नाहीत, कडक काही चावू देत नाहीत. शिजवून, मऊ करून हातानं भरवावं लागतं.

"चार वर्सं? रोज? कोण भरवतंय?"

योगिनीनं म्हातारीकडं बोट केलं. म्हातारीनं केळीच्या पानातला कंदाचा मऊ गोळा काढला. डुकरानं डोळे मिटून तिच्या तळहातावर तोंड टेकलं आणि खाऊ लागलं. तिच्या हाताला ते बिचकलं नाही की हिसका मारला नाही.

आप्पा उकिडवे बसले. लहानपणी आई मेलेली कोकरं त्यांनी चिंधी दुधात बुडवून जगवली होती. हाताला सरावलेलं जनावर कसं तोंड टेकतं, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती, आणि ते सोंग कुणालाच आणता येत नाही. डुकराच्या गालावर त्यांना एक बरा झालेला व्रण दिसला.

"ह्ये काय?"

"गेल्या साली सुळा गालात घुसत हुता. पू झाला हुता. म्या टोक घासलं, जखम साफ केली. म्हनून तर मला द्यायचं ठरवलं."

"आन् पुना घुसला तर?"

"दर तीन म्हैन्याला बघाया लागतंय."

"मंग तू गेल्यावर कोण बघणार?"

योगिनी डुकराच्या गालावरून हात फिरवत राहिली. तेवढ्यात विलीनं काहीतरी विचारलं, पहिल्यांदाच डोळे न मिळवता.

"काय म्हणतोय?"

"इचारतोय, तुमी मला न्यायला आलाय ना? म्हणतोय, होडीत बघितलं तवाच वळखलं. काठावर सदरा धरला तवा बी, तुमी पडला तर मी कळंबला परत जाईन, ही त्यास्नी भीती हुती."

आप्पांनी विलीकडं नीट बघितलं. म्हणजे तीन दिवस हाही आपला जबडाच तपासत होता तर. चार वर्षांचं जनावर, राहिली तीन वर्षं. पोरीलाही तीनच वर्षं थांब म्हणतायत. डुक्कर पुढं करून म्हाताऱ्यानं बेमालूम दावं बांधलं होतं.

"लबाड हाय," ते म्हणाले. "त्येला सांग, डाव कळला मला."

योगिनीनं सांगितलं. विलीनं नुसती मान हलवली. नाकारलं नाही. तेच आप्पांना बरं वाटलं.

"आता सांग, ह्ये जनावर आमच्या घरानं घेतलं. आजपास्नं अर्धलीवर तुज्या बायकोकडं. खाऊ घालायचं तिनं. कडं पुरं झालं की निम्मं तिचं, निम्मं आमचं. आमच्याकडं ही रीत हाय."

अर्धली समजावून द्यायला योगिनीला बराच वेळ लागला. मग म्हातारी पहिल्यांदा हसली, आणि आप्पांच्या नजरेनं सवयीनं तिचे दात बघून घेतले.

"आन् आप्पा, मी?"

"अर्धलीचं जनावर परक्याच्या दावणीला. बघाया घरचं मानूस नगं?" आप्पा टोपी झटकत उठले. "मालकानं नजर काढली की सुळं गालात जायला येळ लागत न्हाय. ऱ्हा तू. मी वर्सानं येऊन बघीन. आन् घराला कुलूप लाव."

दुपारी वडाखाली मोबाइलला रेंज आली. कळंबला सकाळ होती. मागं म्हैस हंबरत होती.

"पोरगी येती का?" सारजाबाईनं विचारलं.

"न्हाय. आपलं एक जनावर हाय हितं, त्येच्यावर ध्यान ठेवाया थांबली."

"जनावर? कसलं?"

आप्पांनी इकडं तिकडं बघितलं. ओंडक्यांवरचे वाटोळे डोळे त्यांच्याकडंच बघत होते.

"डुक्कर," ते म्हणाले. "कुणी इचारलं तर तसंच सांग. पर दात म्या सवता बघितल्यात म्हणावं."