मुतारीपाशी खुर्ची

मधल्या सुट्टीत सगळे शिक्षक ऑफिसात डबा खायचे. बिराजदार सर मात्र लोखंडी खुर्ची उचलून मुलांच्या मुतारीपाशी नेऊन टाकायचे आणि तिथंच भाकर-शेंगाचटणी खायचे. वास यायचा, माशा असायच्या. दुसरे शिक्षक हसायचे, "सर, जागा बरी गावली तुमाला." सर म्हणायचे, "हवा येती की."

लोहाऱ्याजवळच्या आमच्या शाळेत ते उमरग्याहून जीपनं यायचे. बोलण्याला कानडी हेल. ते या शाळेवर येण्याआधी मुतारीमागं सातवीची पोरं टपून असायची. लहान पोरगं आत गेलं की त्याची चड्डी ओढून पत्र्यावर फेकायची. मी पाचवीत होतो. मी पाणी प्यायचंच सोडलं. घसा कोरडा पडायचा, दुपारी पोटात कळा यायच्या, पण तिकडं पाय वळायचा नाही. घरात सांगायचीही भीती. आमच्यात कुणी शिकलेलं नव्हतं. "मग चल रानात" म्हणून शाळाच सुटली असती.

सर आले, त्यांनी कुणाला मारलं नाही. नुसते बसले. मी लांबून बघत होतो, तर त्यांनी तांब्या पुढं केला.

"बारप्पा, ये इकडं. पाणी पी." बारप्पा म्हणजे कानडीत 'ये रे बाबा'; सर सगळ्याच पोरांना असं बोलवायचे.

"तहान न्हाय सर."

"भ्या वाटतंय व्हय?"

मी मान हलवली.

"वाटू दे. मलाबी लई वाटायचं. भीत भीत पी. मी हाय इथं."

सातवीतल्या एकानं धीर करून विचारलं, "सर, तुमी इथं का बसता?"

"तू इथं का हुभारतूस ते सांग, मग म्या सांगतो."

त्यानंतर ती पोरं तिकडं फिरकली नाहीत. पुढं सरांची बदली झाली. मी बी.ए. झालो, घराण्यातला पहिला. लोक म्हणतात, हुशार होता. हुशारी राहू द्या. मला दुपारी पाणी प्यायला मिळालं, म्हणून मी शिकलो.

गेल्या महिन्यात माझा पोरगा रोज बाटली भरलेलीच घरी आणायला लागला. विचारलं, तर खाली बघत म्हणाला, "तहान न्हाय लागत, पप्पा."

तो माझ्याच जुन्या शाळेत शिकत होता; मी तिथं गेलो. मुख्याध्यापकांनी भिंतीवरचा नवा बोर्ड दाखवला. मुलांचा छळ रोखण्यासाठी समिती, खाली नावं. "वरून आदेश आहे. सक्तीचं आहे. आपण सगळं केलंय."

"आदेश चांगलाच हाय, सर. पर यातलं मधल्या सुट्टीत मुतारीपाशी कोण असतं?"

तेवढ्यात सुट्टीची घंटा झाली. मी त्यांच्यासमोरची खुर्ची उचलली. दोन पोरांचा बाप मी, पण मुतारीकडं भीत भीतच चाललो. मुतारीमागं उभी असलेली मोठी पोरं माझ्याकडं बघत होती. खुर्ची टाकली, बसलो.

माझा पोरगा लांब उभा होता, छातीशी भरलेली बाटली धरून.

"बारप्पा," मी म्हणालो. "पाणी पी."