अजगराच्या माथ्यावरचं कुंकू

इथे परदेशात, स्कोफिल्ड्सला, आमच्या शेजारी राहणारा म्हातारा घरात कुणीतरी झोपलं असावं तसा हळू बोलतो. खरं तर तो एकटाच असतो, तो आणि त्याची पाळलेली अजगरीण. ती जेवली की काचेच्या पेटीवर तो पाटी लावतो: दोन दिवस हात लावू नये. एकट्याच्या घरात पाटी कुणासाठी, म्हणून मी हसायचे.

ऑगस्टमध्ये बहिणीकडे जाताना त्याने चावी माझ्याकडे दिली. "आजच जेवलीय. फक्त पाणी बदल."

दुसऱ्या दिवशी नागपंचमी होती. साताऱ्याहून आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "अजगर का असेना, नागाचंच कूळ. दर्शन तरी घडव." मी पाटी बाजूला ठेवली, अजगरिणीला उचलून कॅमेऱ्यासमोर धरलं, माथ्यावर कुंकू टेकवलं. आईने हात जोडले.

संध्याकाळी पेटीत तिने ओकलेला अर्धवट पचलेला उंदीर पडला होता. वास खोलीभर. मी घाबरून म्हाताऱ्याला फोन केला.

सकाळी तो परत आला. "बाहेर काढली होतीस का?"

"नाही," मी म्हणाले.

"नो वरीज. मीच उंदीर जरा मोठा दिला असेल."

मग त्याने कापूस कोमट पाण्यात भिजवला आणि माझ्याकडे न बघता तिच्या माथ्यावरचं कुंकू हलकेच पुसून काढलं.

मी चावी पुढे केली.

"असू दे तुझ्याकडेच," तो नेहमीच्या हळू आवाजात म्हणाला.