वॉज कमिंग

कसबा बावड्यातली आमची गल्ली दूधवाल्या आबांना हसते. त्यांना म्हणे इज-वॉज कळत नाही. खरं तर खोटं मी बोललो होतो.

मी निवृत्त इंग्रजी शिक्षक. त्यांची सून परदेशी, म्हणून ते माझ्याकडून रोज एक वाक्य शिकायचे. "आय ॲम पोअरिंग मिल्क!" दूध ओतताना ओरडायचे.

दसऱ्याला त्यांनी सुनेचा मेसेज दाखवला: 'ही वॉज कमिंग फॉर दिवाळी.' मुलगा येणार होता, आता येत नव्हता. आबांचा चेहरा बघून मी "येतोय" म्हणालो.

"पोरगं येतंय की!" त्यांनी गल्लीभर सांगितलं.

पहिल्या आंघोळीला त्यांनी दोन पाट मांडले, तेव्हा मी खरं सांगितलं.

एरवी मोठ्यानंच बोलणारे आबा हळूच म्हणाले, "सर, वॉजचं परत इज करता येतंय का?"