गेटबाहेरचा ठिपका

आमच्या फ्रीजचं दार पाहून येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटायचं, या घरात लहान मूल आहे. दारभर नखाएवढे गोल स्टिकर: लाल, हिरवे, पिवळे, निळे. मूलबाळ नाही, ते स्टिकर नवऱ्याच्या कारखान्याचे. ओरगडमला गाड्यांचा मोठा कारखाना आहे, तिथं तो क्वालिटीत आहे. सकाळी गेटवर मोबाइल पुढे धरायचा, मग सिक्युरिटीवाला कॅमेऱ्यावर स्टिकर लावतो, आत कुणी फोटो काढू नयेत म्हणून. रंग रोज वेगळा, कालचा स्टिकर आज चालत नाही. संध्याकाळी बाहेर पडताना तो शाबूत आहे ना, ते बघतात. बाकीचे लोक कंपनीच्या बसमध्येच तो सोलून पुढच्या सीटला चिकटवतात. आमचे महाशय विसरतात, आणि घरी पाणी प्यायला फ्रीजपाशी गेले की त्यांना आठवतं. नव्या फ्रीजची ही दशा बघून मी सुरुवातीला बरीच कटकट केली. पुढे नजर सरावली.

आम्ही दोघं सांगलीकडचे. इकडे तमिळ मुलखात तांबरमला येऊन चार वर्षं झाली. मी घरूनच एका सॉफ्टवेअर कंपनीचं टेस्टिंगचं काम करते. दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा, आणि आई म्हणते, जन्मजात स्वभावही. काळजी करण्यात तर मी पटाईत. कुकरची शिट्टी उशिरा झाली तरी माझ्या डोळ्यांपुढे सिलिंडरचा स्फोट उभा राहतो.

ठिपका आमच्या घरात आला तो एका नोव्हेंबरात. मुडिचूरच्या रस्त्यावर कमरेएवढं पाणी साचलं होतं आणि कंपनीची बस मध्येच अडकली. नवऱ्याने मोबाइलवरून मला त्याचं लोकेशन पाठवलं. सहा तास मी तो निळा ठिपका बघत बसले. तो हलला की देवाला हात जोडायचे, थांबला की पुन्हा जोडायचे. नवरा भिजून चिंब, पण धडधाकट घरी आला. त्या दिवशी चालू झालेलं लोकेशन आम्ही कधी बंद केलंच नाही.

मग मला सवयच लागली. मीटिंगमध्ये कुणी लांबण लावली की मी ठिपका बघायची. वाटेवरचं पडप्पै गेलं, गेट आलं, आता आत. दुपारी "जेवलास का?" असा मेसेज, त्यावर त्याचं "हो". आधी तो हसण्यावारी न्यायचा. म्हणायचा, "मी काय मागवलेली बिर्याणी आहे, कुठवर आली ते बघायला?" पुढे हसणं कमी झालं. एका रविवारी चांगलंच वाजलं. तो म्हणाला, काळजी वेगळी आणि पहारा वेगळा. मी म्हणाले, "लपवण्यासारखं काही नसेल तर बिघडतं कुठं?" हे वाक्य आठवलं की आजही माझे कान गरम होतात.

मी हा वाद ऑफिसातल्या मैत्रिणींपुढे ठेवला. निम्म्या म्हणाल्या, यालाच प्रेम म्हणतात. निम्म्या म्हणाल्या, आमच्या नवऱ्याने असं केलं तर आम्ही माहेरी जाऊ. आईने फोनवर निकाल दिला, "तुझे बाबा सकाळी गेले की संध्याकाळीच दिसायचे. मधे कुठं असायचे ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही." हे सुख की दुःख, ते काही तिने सांगितलं नाही.

त्यातच यंदा त्याच्या लाइनवर नवीन मॉडेल आलं. तपासणीवर सही त्याची, आणि चूक निघाली तर सगळ्यांसमोर बोलणीही त्यालाच. तो बोलेनासा झाला. पहाटे उठून बाथरूममध्ये नळ सोडून बसायचा. मी विचारायची, काय झालं? तो म्हणायचा, काही नाही. मग मी मला सुचेल ते केलं. दीर्घ श्वास कसा घ्यावा याचे व्हिडिओ त्याला पाठवले. आमच्या कंपनीचं मन:स्वास्थ्याचं अ‍ॅप आहे, त्यात सकाळी पाचपैकी एक चेहरा निवडल्याशिवाय हजेरी लागत नाही. मी रोज शेवटून दुसरा निवडते, कारण अगदी हसरा निवडला तर खोटं वाटतं. त्या अ‍ॅपमधून घरच्यांनाही फुकट समुपदेशन मिळतं, म्हणून मी त्याचं नाव घातलं. तर हा उसळला, "मला काय धाड भरलीय?" तो विषय तिथंच बंद झाला. मीही बंद केला, कारण ठिपका तर रोज वेळेवर जात होता, वेळेवर येत होता.

एका बुधवारी गॅसवाल्याला ओटीपी सांगायला मी त्याचा मोबाइल घेतला. तो नुकताच घरी आला होता. कॅमेऱ्यावर स्टिकर नव्हता. फ्रीजवर बघितलं, मंगळवारचा पिवळा शेवटचा. म्हटलं, पडला असेल. गुरुवारी मात्र तो आंघोळीला गेल्यावर मी मुद्दाम मोबाइल उलटा करून बघितला. मागची काच लखलखीत, कडेला गोंदाचा चिकटपणाही नाही. गुरुवारचा दिवसभराचा ठिपका मी स्वतः पाहिला होता. ठिपका ओरगडमलाच होता. फक्त गेटच्या आत नव्हता, रस्त्याच्या अलीकडे होता. सकाळीही दिसला, दुपारीही. मला वाटलं, नेटवर्क.

मन चिंती ते वैरी न चिंती. नोकरी गेली असेल. कामावरून काढलं असेल आणि सांगत नसेल. ओरगडमला कुणी बाई असेल. त्याला कसला आजार असेल. शुक्रवारी तो नेहमीच्या बसने गेला आणि मला घरात बसवेना. मी खाली मामींकडे गेले. मामी म्हणजे आमच्या घरमालकीणबाई, तंजावरच्या मराठी घराण्यातल्या. त्यांचं मराठी पोथीतलं वाटतं, त्यावर तमिळचा हेल, 'बरं'च्या जागी 'सेरी', आणि आमचं मराठी त्यांना उद्धट वाटतं.

"अगे, तोंड कां असं? कापी घे आधीं, सेरी? मग सांग."

कॉफीचा गरम पेला हातात धरून मी सगळं सांगितलं. ठिपकाही दाखवला. मामींनी चष्मा वर करून तो पाहिला.

"हा तुझा नवरा?" त्यांनी विचारलं. "फोनांत बघून काय कळतें गे? बस धर, जा. डोळ्यांनीं बघून ये."

मी चेहरा निवडून हजेरी लावली, शेवटून दुसराच, मग अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि बस धरली. चार वर्षांत मी ओरगडमला एकदाही गेले नव्हते. तो रस्ता मला वरून पाठ होता, खिडकीतून मात्र एक वळण ओळखू आलं नाही. कुणी बाई दिसली तर काय बोलायचं, याची वाक्यं मी जुळवत होते.

गेटसमोर उतरले. समोर रस्ता, पलीकडे कारखान्याची लांबलचक भिंत, आणि अलीकडे चहाची टपरी. टपरीच्या बाकावर माझा नवरा बसला होता. अंगात कंपनीचा राखाडी शर्ट, गळ्यात आयडी, मांडीवर बॅग, शाळेच्या पहिल्या दिवशी मुलं धरतात तशी दोन्ही हातांनी धरलेली. तो गेटकडे बघत होता. शेजारी कुणी नव्हतं.

तेव्हाच हाक मारायला हवी होती. मी मारली नाही. मी उसाच्या रसाच्या गाड्याआड उभी राहिले आणि मेसेज केला, "जेवलास का?"

त्याने खिशातून मोबाइल काढला. तो दोन्ही हातांनी धरून एकेक अक्षर दाबू लागला. लिहायला बराच वेळ लागला. मग माझ्या हातात उत्तर वाजलं, "हो. कँटीनमध्ये. पायसम होतं आज."

पायसम वाचून मला रडू कोसळलं. इतकं नीट खोटं तो फक्त माझ्यासाठी रचत होता. मी रस्त्याकडेने जाऊन त्याच्या शेजारी बाकावर बसले. त्याने मान वळवली, माझ्याकडे बघितलं आणि त्याला आश्चर्यही वाटलं नाही.

"किती दिवस?" मी विचारलं.

"आज तिसरा. ताप आहे म्हणून कळवलंय आत." तो गेटकडेच बघत बोलत होता. "बसमधून उतरतो, रांगेत उभा राहतो. स्टिकर लावायला मोबाइल पुढे करायचा, आणि हातच पुढे होत नाही. छातीत असं धडधडतं की वाटतं, इथंच पडणार. मग इकडे येऊन बसतो. परतीच्या बसपर्यंत."

"मला का नाही सांगितलंस?"

टपरीवाल्याने न मागता दोन चहा ठेवले. मग नवरा म्हणाला, "तू बघत होतीस ना. मी मुद्दाम चालू ठेवलं होतं. म्हटलं, दुपारपर्यंत तरी विचारशील, आज गेटबाहेर का? तू विचारलंस, जेवलास का."

"दिसलं होतं मला," मी म्हणाले. "मला वाटलं, नेटवर्क."

तो हसला. कित्येक आठवड्यांनी हसला, आणि हसता हसताच त्याचा चेहरा वाकडा झाला. इतक्या लोकांसमोर नवऱ्याला जवळ घ्यायची आम्हाला सवय नाही. मी त्याची बॅग माझ्या मांडीवर घेतली.

नंतर तांबरमच्या डॉक्टरबाई झाल्या, गोळ्या झाल्या, दर आठवड्याला एक तास बोलणं झालं. डॉक्टरबाईंनी त्या त्रासाला नाव दिलं. नाव कळल्यावर मला निम्मं हायसं वाटलं, त्याला नाही वाटलं. महिनाभराची रजा मिळाली. त्या महिन्यात मी त्याला एकही व्हिडिओ पाठवला नाही, आणि हे मला किती जड गेलं ते मीच जाणे. कधी आम्ही बोलायचो, कधी तो नुसता खिडकीत बसायचा आणि मी आतून त्याच्या श्वासाचा अंदाज घेत राहायची. ती काळजी काही जात नाही.

कामावर परत जायच्या आदल्या दिवशी तो म्हणाला, "लोकेशन बंद करूया. तुला वाटेल तेव्हा फोन कर, मी उचलीन." मी हो म्हणाले. त्याने माझ्यासमोर ते बंद केलं. नकाशावर आमचं घर राहिलं आणि ठिपका गेला.

सोमवारी तो नेहमीच्या बसने गेला. मी हजेरी लावायला बसले आणि पहिल्यांदा मधला चेहरा निवडला. लगेच अ‍ॅपने मला पाणी प्यायला सांगितलं. पाणी प्यायले. आठ वाजले. बस गेटवर पोचायची वेळ. हात दोनदा नकाशाकडे गेला. आठ वाजून दहा मिनिटांनी मला राहवेना आणि मी फोन लावला. त्याने पहिल्याच रिंगला उचलला.

जिभेवर तेच नेहमीचं "जेवलास का?" आलं होतं. ते गिळून मी विचारलं, "कुठं आहेस?"

पलीकडे ग्लास विसळल्याचा आवाज आला. टपरीवरचा. मी ओळखला, पण त्याच्या बोलण्याची वाट बघितली.

"गेटबाहेर," तो म्हणाला. "हात पुढे होत नाहीये."

"मी येऊ?"

"नको. फोन ठेवू नकोस फक्त."

समोर लॅपटॉपवर मीटिंग सुरू झाली होती, कुणीतरी माझं नाव घेत होतं. मी लॅपटॉप मिटला आणि फोन कानाला लावून फ्रीजसमोर जमिनीवर बसले.