कपबश्या, तारिहाळमार्गे

कमरीपेठेत आमचं कपबश्या-बरण्यांचं दुकान आहे. वडिलांनी मिरजेहून येऊन थाटलेलं. पूर्वी ट्रक थेट दारात यायचा, तासभर गल्ली अडवून धूर ओकायचा, आणि आमचे म्हातारे हमाल, अण्णा, एकेक खोकं तान्ह्या लेकरासारखं उतरवायचे. समोरची शिवणकाम करणारी अक्का खोकत खोकत आम्हाला शिव्या द्यायची. रास्त होत्या.

मग महापालिकेची योजना आली. ट्रकांनी शहराबाहेर तारिहाळच्या मालकेंद्रावर थांबायचं, तिथून बॅटरीच्या तीनचाकी गाड्या माल पेठेत आणणार. सभेला व्यापाऱ्यांच्या वतीनं मी गेलो, कारण बाकीचे हुशार होते. महापालिकेच्या साहेबांनी पडद्यावर झाडं दाखवली, सायकलवरची हसरी मुलं दाखवली. दुकान एकही नव्हतं.

मागं उभ्या अण्णांनी विचारलं, "साहेब, माल उतरवणार कोण?"

"मशीन. तुमच्या पाठीला आराम."

"आणि पोटाला?"

साहेबांनी 'सामाजिक मुद्दा' असं वहीत लिहून घेतलं. मी उठून स्वच्छ हवेवर भाषण ठोकलं. टाळ्या पडल्या. अण्णांनी वाजवल्या नाहीत.

केंद्र सुरू झालं. धूर खरंच गेला. अक्काचा खोकला थांबला, त्यामुळं शिव्या स्पष्ट ऐकू येऊ लागल्या. माझी खोकी मात्र दोनदा चढू-उतरू लागली आणि हलवली की खुळखुळ्यासारखी वाजू लागली. फोन केला की उत्तर एकच, "माल वाटेत आहे." शेवटी मी माझी डिझेलची गाडी काढून तारिहाळला गेलो. पाहतो तर अर्धी पेठ तिथं, आपापल्या गाड्या घेऊन. एका ट्रकचा धूर आम्ही सगळ्यांनी वाटून घेतला होता.

मी अण्णांच्या घरी गेलो. ते सुनेला शेंगा सोलून देत होते.

"अण्णा, केंद्रावर चला. माझा माल तुम्हीच उतरवा."

"तुमच्या भाषणात तर मी नव्हतो, मालक."

मी खाली बसून शेंगा सोलू लागलो. तेव्हा ते कानडीत "आयतु", म्हणजे ठीक आहे, असं म्हणाले, "येतो. पण गाडीत पुढं बसणार."

अण्णांच्या हातून एकही बशी फुटली नाही. ते बघून बाकीच्या दुकानदारांनीही त्यांनाच मागितलं, तेव्हा केंद्रानं अण्णांना आणि त्यांच्या दोन जोडीदारांना नाजूक मालासाठी पगारावर ठेवलं. पुढच्या महिन्यात फाटकावर फलक लागला: 'केंद्रामुळे नवीन रोजगार'.

अण्णांना मी तो वाचून दाखवला.

"नवीन?" त्यांनी विचारलं, आणि माझं खोकं उचललं.